लेक म्हणते, तान्ह्या बाळांची नर्स होणार. पाठवू का?

शिंगणापूरची आई:
थोरली बारावी सायन्सला आहे. माझ्या बहिणीचं बाळ आठव्या महिन्यात झालं, सतराशे ग्रॅमचं. ही रोज डबा घेऊन जायची, तिथल्या सिस्टरांना बघत बसायची. आता धोशा लावलाय, बीएस्सी नर्सिंग करून एनआयसीयूतच, म्हणजे तान्ह्या बाळांच्या अतिदक्षता विभागातच, काम करणार. मालक म्हणतात, रात्रपाळीच्या पोरीला स्थळ कोण आणणार? स्थळाचं मी बघून घेते. पण खरंच पाठवू का? आतल्या माणसांनी सांगा.

थकलेली सिस्टर:
नका पाठवू, वहिनी. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करून एका खासगी दवाखान्यात तीन वर्षं काढली. रात्री आम्ही दोघी आणि बाळं अकरा, त्यातली दोन व्हेंटिलेटरवर. व्हेंटिलेटरवरच्या बाळाला खरं तर एक सिस्टर पूर्णवेळ लागते. पगार सुरुवातीला नऊ हजार. सुप्रीम कोर्टानं 2016 साली समिती नेमायला लावली, समितीनं सांगितलं की 50 खाटांच्या आतल्या दवाखान्यातही नर्सला महिना 20,000 पेक्षा कमी देऊ नये. कागद छान आहे. मी आता कपड्याच्या दुकानात आहे, रात्री झोप लागते.

बावड्याचा बाप:
सिस्टर, तुमचं खोटं म्हणत नाही. पण माझी पोरगी अकराशे ग्रॅमची, 34 दिवस पेटीत होती. नळीतून दर दोन तासांनी दोन-दोन मिली दूध, तेसुद्धा ढकलायचं नाही, सिरिंज वर धरून आपोआप उतरू द्यायचं. एकदा आमच्या डोळ्यांदेखत ती निळी पडली. आम्ही दोघं गारठलो. सिस्टरनं नुसतं तळपायाला बोटानं टिचकी मारली, पोरगी दचकली आणि श्वास सुरू. पुढं त्यांनीच हिच्या उघड्या छातीशी पोरगी बांधून दिली, कांगारूसारखी. डॉक्टर देवमाणूस, पण दिवसातून दोनदा यायचे. असली माणसं तयार व्हायला नकोत का?

थकलेली सिस्टर:
भाऊ, त्या रात्री त्या सिस्टरकडे किती बाळं होती, विचारलंत?

बावड्याचा बाप:
नाही.

रंकाळ्याचा वारा:
हुशार पोरगी आहे तर नीटची तयारी करून घ्या की. एवढं शिकून लंगोट बदलायचे?

माजी इन्चार्ज:
लंगोटाचं वजन करून लघवी किती झाली ते मोजतात, साहेब. आणि सव्वा किलोच्या जिवाला औषध काढताना दशांश चिन्ह एक घर सरकलं, तर डोस दहापट जातो. सिरिंज भरणारा हात नर्सचाच असतो.

वहिनी, मी सरकारी नोकरीत होते. बीएस्सी चार वर्षांची, जीएनएम तीन. मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. पास झाल्या झाल्या एनआयसीयूत उडी मारू देऊ नका, आधी वर्षभर वॉर्ड करू दे. नंतर नवजात शिशूंच्या शुश्रूषेचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो. तो बहुतेक जणी करतच नाहीत, चूक तिथंच होते. आणि एक कडू गोष्ट: सरकारी नोकरीत बाळांचाच विभाग मिळेल असं नाही. हात बसला की नेमकी बदली होते. मला ऑर्थोपेडिकला टाकलं होतं. पाठवायला मात्र माझा होकार आहे.

थकलेली सिस्टर:
मॅडम, तुमच्या वेळची गोष्ट वेगळी. आजच्या पोरींना परमनंट मिळतंय कुठं? निम्म्या कंत्राटावर.

माजी इन्चार्ज:
ते मान्य. कंत्राटाला माझ्याकडं उत्तर नाही.

शिंगणापूरची आई:
लेकीला सगळं वाचून दाखवलं. पगारावर गप्प बसली, रात्रपाळीवर हसली. मग विचारते, एका सिस्टरकडं किती बाळं असतात, हे मुलाखतीत आपण विचारलेलं चालतं का?

थकलेली सिस्टर:
विचार म्हणावं. आणि रात्रीचा आकडा वेगळा विचार. दिवसाचा सगळेच चांगला सांगतात.