मिस्ड कॉल, मेसेज आणि घरातलं बोलणं: तुमचे अनुभव लिहा

रानजाई: काल भाचा गावाला निघाला. सवयीने म्हटलं, "पोचलास की मिस्ड कॉल दे." तो म्हणे, "म्हणजे? उचलायचा नाही तर करायचा कशाला?" मग होस्टेलचे दिवस आठवले. एक रिंग म्हणजे पोचले, दोन म्हणजे तुम्ही फोन करा. आईला बरोब्बर कळायचं. बाबा मात्र धावत येऊन पहिल्याच रिंगला उचलणार, "हॅलोऽऽ, बोल गं!" गेले पैसे. इनकमिंग २००३ मध्ये फुकट झालं, तेव्हापासून आमच्या घरात ही सांकेतिक भाषा. तुमच्याकडे काय चालायचं? आणि आता काय चालतं?

कुकरची_शिट्टी: आता? लेक शेजारच्या खोलीतून मेसेज करते, "जेवायला काय?" मी उत्तरच देत नाही. भूक लागली की येते बाहेर.

अर्धा_कप: २०११ला ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली ना, तेव्हा आमचा साखरपुडा झालेला. संध्याकाळीच कोटा संपायचा, मग ही रुसायची. पुढे मर्यादा २०० केली. आता मेसेज अमर्याद, आणि आमचं संभाषण म्हणजे "दूध आण", "बरं".

रानजाई: @अर्धा_कप 😂 "बरं" तरी येतं. आमच्याकडे नुसता अंगठा.

शाळामास्तरीण: मी प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देते. मुलगा विचारतो, "आई, चिडलीयेस का?" अरे, तीस मुलांच्या वह्या तपासून आलेय, हात आपोआप जातो तिकडे!

बोरीचा_पार: देवनागरी एसएमएस ७० अक्षरांतच संपायचा, इंग्रजी लिपीत १६० मावायची. म्हणून आमची पिढी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायला लागली ती लागलीच. दिवाळीला स्वस्त एसएमएसचा पॅक चालायचा नाही हेही लिहा कोणीतरी. शुभेच्छा आदल्या रात्रीच उरकायच्या.

मीरजकर_सून: सासूबाई व्हॉइस मेसेज पाठवतात. "ऐकतेस ना?" विचारतात आणि चक्क थांबतात. मागे भांडी, बेल, "कोण आहे बघा हो", सगळं येतं. शेवटी "बरं, ठेवते हं." मी दुप्पट वेगाने ऐकायचे. यंदा त्या आजारी होत्या तेव्हा मेसेज यायचे बंद झाले. आता संथ वेगानेच ऐकते.

कुकरची_शिट्टी: @मीरजकर_सून कशा आहेत आता?

मीरजकर_सून: बऱ्या आहेत. काल लिंबाच्या लोणच्यावर सहा मिनिटं बोलल्या.

उंबरठा: मला एक खटकलेलं. आमची मोठी काकू गेल्याचं कुटुंबाच्या ग्रुपवर कळलं, वर गुड मॉर्निंगचा गुलाब, खाली कुणाचा तरी अंगठा. पूर्वी तार आली की न वाचताच आजी रडायला लागायची, असं बाबा सांगतात. तारसेवा २०१३ मध्ये बंदच झाली. पण निदान फोन करा हो.

अर्धा_कप: @उंबरठा खरंय. आमच्याकडे दत्तूमामांनी चुकून लाडूचं चित्र टाकलं होतं, वर्षश्राद्धापर्यंत विषय पुरला.

बोरीचा_पार: विषयांतर. बारीक पिनचा नोकिया चार्जर पुण्यात कुठे मिळेल? जुन्या फोनमधले मेसेज बघायचेत.

शाळामास्तरीण: तपकीर गल्लीत विचारा. कुणाचे मेसेज हो? 😉

बोरीचा_पार: बायकोचेच. ती पण हा धागा वाचतेय, म्हणून मुद्दाम सांगतोय.

कुकरची_शिट्टी: @मीरजकर_सून लोणच्याचा मेसेज पुढे ढकल ना इकडे. लिंबं आणून ठेवलीत.