मासळीच्या खानावळीचा ‘ना नफा-ना तोटा’ बिंदू काढला आहे. आराखड्यात तो कसा वापरावा?

प्रश्न : नारळीकाठ

नमस्कार. पुण्यात सिंहगड रस्त्यावर मालवणी थाळीची खानावळ सुरू करण्याचा आमचा विचार आहे. जागेत चार खुर्च्यांची नऊ टेबले बसतात. सोमवारी सुट्टी ठेवल्यास महिन्याचे 26 दिवस धंदा होईल आणि अक्षय तृतीयेला उद्घाटन करावे, असे घरात ठरले आहे. कर्जासाठी आराखडा घेऊन गेलो असता बँकेतील अधिकाऱ्यांनी त्यात ‘ब्रेक-इव्हन’चा, म्हणजे किती विक्री झाली की सगळा खर्च भरून निघतो त्या ‘ना नफा-ना तोटा’ बिंदूचा, हिशेब घालून आणण्यास सांगितले.

माझा हिशेब असा आहे. दरमहा भाडे 75,000, आचारी, मदतनीस, वाढपी आणि भांडी घासणाऱ्या बाई यांचे पगार 1,26,000, वीज, पाणी, परवाने वगैरे 19,000 आणि कर्जाचे व्याज 20,000, म्हणजे स्थिर खर्च 2,40,000 रुपये. मेनूकार्डावर थाळीची सरासरी किंमत कर धरून 260 रुपये ठेवली आहे. मासळी, तांदूळ, नारळ, मसाला आणि गॅस मिळून थाळीमागे 130 रुपये लागतील. उरलेल्या 130 रुपयांनी 2,40,000 ला भागले की महिन्याला साधारण 1,847 थाळ्या येतात, म्हणजे रोज सुमारे 71. साधारण 30 टक्के थाळ्या घरपोच सेवेच्या ॲपवरून जातील, असा अंदाज आहे.

36 खुर्च्यांच्या जागेत दोन वेळा मिळून 71 थाळ्या सहज जातील असे मला वाटते. हा आकडा बरोबर आहे का? आणि बँकेला दाखवण्यापलीकडे आराखडा सुधारण्यासाठी त्याचा काही उपयोग होतो का?

उत्तर 1 : हिशेबनीस

सूत्र बरोबर आहे, पण त्यात घातलेले आकडे अपुरे आहेत. पहिली गोष्ट कराची. कर धरून 260 रुपये किंमत असेल, तर 5 टक्के जीएसटी वजा जाता आपल्या हाती 247 रुपये 62 पैसेच येतात आणि थाळीमागे 130 ऐवजी सुमारे 118 रुपये उरतात. दुसरी गोष्ट अशी की, रेस्टॉरंटला हा 5 टक्क्यांचा दर इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर आणि खर्चावर भरलेल्या कराची वजावट) न घेण्याच्या अटीवर मिळतो. त्यामुळे घरमालक भाड्यावर 18 टक्के जीएसटी लावत असेल, तर ते 13,500 रुपये परत मिळत नाहीत आणि सरळ आपल्या स्थिर खर्चात जमा होतात. जागा पसंत करताना भाड्यावरच्या कराचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. आपण करारापूर्वी तो अवश्य विचारावा.

तिसरी गोष्ट सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण ती घरची आहे. आपण दोघे दिवसभर तिथे राबणार आहात, पण आपला पगार या हिशेबात कुठेच नाही. घरखर्चापुरते 35,000 रुपये तरी धरावेत. मग स्थिर खर्च 2,88,500 होतो.

आता पार्सल पाहू. ॲपवर कर सोडून थाळी 248 रुपयांना दिली आणि करारातील कमिशन 25 टक्के असेल असे धरले, तर त्यावरील 18 टक्के करासह सुमारे 73 रुपये वजा होतात. डबे-पिशवीचे 15 आणि जिन्नसांचे 130 गेले की एका पार्सलमागे 30 रुपये उरतात. 70 टक्के ग्राहक बसून जेवणारे आणि 30 टक्के पार्सलचे धरल्यास सरासरी 91 रुपये 60 पैसे येते आणि रोजच्या 71 थाळ्यांऐवजी 121 थाळ्या विकाव्या लागतात. त्यांपैकी 36 पार्सलांमधून जेवढे उरते, जवळजवळ तेवढेच बसून जेवणाऱ्या 9 ग्राहकांमधून उरते. आराखडा सुधारायला सुरुवात करायची असेल, तर ती इथून करावी.

उत्तर 2 : सोलकढी

मी ठाण्यात आठ वर्षे मासळीची खानावळ चालवली आहे, म्हणून वरील हिशेबात दोन गोष्टींची भर घालतो.

थाळीमागे 130 रुपये हा आकडा आपण बाजारभावावरून काढला असावा, असे दिसते. मी महिन्यातून एकदा तरी सुरमई कापण्यापूर्वी आणि कापल्यानंतर स्वतः तराजूवर ठेवत असे. चार किलोच्या सुरमईतून तळण्याजोग्या, साधारण 110 ग्रॅमच्या 26 तुकड्या निघत. डोके, शेपूट आणि पोटाकडचा भाग कालवणात जाई. किलोला 800 रुपये भाव असेल, तर कागदावर ती तुकडी 88 रुपयांची दिसते, प्रत्यक्षात ती 123 रुपयांना पडते. वर भात, भाकरी, कालवण आणि सोलकढी आहेच. म्हणजे 260 रुपयांच्या थाळीत सुरमई बसतच नाही, बांगडा बसतो. बांगडा, सुरमई, चिकन आणि शाकाहारी अशा प्रत्येक थाळीचा हिशेब वेगळा मांडावा आणि सुरमई-पापलेटची किंमत छापू नये, ‘बाजारभावाप्रमाणे’ एवढेच लिहावे.

दुसरी गोष्ट दिवसांची. ‘रोज 71’ किंवा ‘रोज 121’ असा दिवस आपल्या धंद्यात उगवतच नाही. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे आपले वार. गुरुवार आणि शनिवार बऱ्याच घरांत पाळले जातात. रविवारी दुपारी रांग लागली, तरी चौघांच्या टेबलावर तिघे बसतात आणि एका पंगतीला पाऊण तास लागतो, त्यामुळे नऊ टेबलांवर दुपारी तीन पंगतींत 80 माणसे जेवली तर ती पराकाष्ठा समजावी. सुन्या गुरुवारची तूट रविवार किती भरून काढू शकतो याला खुर्च्यांची मर्यादा आहे. यासाठी निदान तीन टेबले तरी दोघांची करावीत.

आणि अक्षय तृतीयेचा पुन्हा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. ताजी मासळी कमी येते आणि भाव चढतो. बंदी उठते न उठते तोच श्रावण आलेला असतो आणि मग ग्राहकच कमी होतो. नव्या खानावळीने पहिल्याच उन्हाळ्यानंतर हे दोन्ही सोसणे फार कठीण आहे. आमच्या ओळखीतील एक चांगली खानावळ याच महिन्यांत भांडवल संपून बंद झाली. तिच्या स्वयंपाकात काहीही उणे नव्हते. दसराही साडेतीन मुहूर्तांपैकीच आहे.

उत्तर 3 : तारण

मी बरीच वर्षे लघुउद्योगांच्या कर्जप्रस्तावांची छाननी केली आहे. नफा-तोट्याचा बिंदू आणि रोखीचा बिंदू हे दोन वेगळे आहेत, हे आराखड्यात स्पष्ट लिहावे. आपण व्याज धरले आहे, मुद्दल धरलेले नाही. मुद्दल हा खर्च नव्हे हे खरे, पण हप्त्याच्या तारखेला ते गल्ल्यातूनच द्यावे लागते. महिन्याला 18,000 रुपये मुद्दल असेल, तर वरच्या सरासरीने आणखी 197 थाळ्या लागतात.

स्थिर खर्चही एका मर्यादेपर्यंतच स्थिर असतो. थाळ्या वाढल्या की एका टप्प्यावर दुसरा आचारी लागतो आणि त्या दिवशी बिंदू एकदम वर सरकतो. ती मर्यादा कोणती, हे आपल्या आचाऱ्यालाच विचारून लिहावे. पहिल्या बारा महिन्यांचा तक्ता महिनावार करावा, प्रत्येक महिन्याची तूट दाखवावी आणि त्या तुटींची बेरीज खेळत्या भांडवलात मागावी. अशी तूट आधीच दाखवणाऱ्या अर्जदाराने धंदा समजून घेतला आहे, असे निदान मला तरी वाटत असे.

नारळीकाठ

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रात्री आम्ही दोघांनी वही घेऊन सगळे पुन्हा मांडले.

सरासरी किंमत 280 केली आणि जिन्नसांचे 140 धरले. ॲपवरील दर कर धरून 320 ठेवून पार्सल 15 टक्क्यांवर आणले, तेव्हा थाळीमागे सरासरी 116 रुपये 67 पैसे उरतात. आपले पगार, भाड्यावरील कर आणि मुद्दल धरून महिन्याला 3,06,500 रुपये लागतात, म्हणजे तरीही रोज 101 थाळ्या. म्हणून हमरस्त्यावरची जागा सोडून आतल्या गल्लीतील 28 खुर्च्यांची, 48,000 रुपये भाड्याची जागा पाहिली आहे. तिथे 14,000 रुपये पगाराचा एक माणूस कमी लागेल आणि आकडा 86 वर येतो : 13 पार्सल आणि 73 बसून जेवणारे. उद्घाटन दसऱ्याला करायचे, हे सासूबाईंनीही मान्य केले.

या आठवड्यात गुरुवारी आणि शनिवारी त्या गल्लीतील दोन खानावळींसमोर दुपारी बारा ते तीन बसून किती माणसे आत जातात ते मोजणार आहे. दोहोंपैकी एका दिवशी तरी 73 दिसली नाहीत, तर ती जागाही घेणार नाही.