आराखडा आधीच तयार असेल तर

मोठी आपत्ती आली की सरकारं जागी होतात आणि धोरण सुधारतं, असं बरेचदा म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. संधी मिळते खरी, पण ती थोडेच दिवस टिकते. तेवढ्यात कोऱ्या कागदावरून सुरुवात करायला कुणालाच सवड नसते.

नेदरलँड्सचं बघा. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे वादळाने उसळलेल्या समुद्राच्या भरतीने बांध फोडले, तिथे १,८३६ माणसं गेली. त्याच महिन्यात, पुरापासून बचावाचे उपाय ठरवण्यासाठी, डेल्टा आयोग नेमला गेला. एवढी घाई जमली, कारण योहान फान फेन हे अभियंते बांधांची उंची पुरेशी नाही असं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून सांगत होते आणि खाड्यांची मुखं बंद करण्याच्या योजनांवर काम झालेलं होतं. आधी युद्ध, मग पुनर्बांधणीचा खर्च, यात ते मागे पडलं. मला हेच फार लागतं. धोका माहीत होता, उपायही सुचलेला होता, आणि तरी इतकी माणसं जावी लागली.

उलट २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये किनाऱ्यापासून २ किलोमीटरपर्यंत घरं नकोत, असा प्रस्ताव घाईने पुढे आला. पण ज्याची होडी वाळूवर उभी, त्याने घर इतकं आत कसं न्यायचं? लोक आपापल्या जुन्या चौथऱ्यांवर परतले आणि नियम बारगळला.