दोन कार्डं, गेटवे मात्र एकच
लिनक्स सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असली की दोन्ही कार्डांना डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचा ठरलेला रस्ता) द्या असा सल्ला कुणी दिला, तर ते नका करू, शेवटी कमी मेट्रिकवालाच (मेट्रिक म्हणजे रस्त्याच्या पसंतीचा आकडा) चालतो. पण एकच ठेवला तरी एक भानगड उरते. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात सर्व्हरला इंटरनेटच्या दोन लाईनी आहेत, प्रत्येक कार्डाला एक, दुसरीवरून आलेलं पॅकेट टीसीपीडम्पमध्ये (पॅकेटं दाखवणारं टूल) स्वच्छ दिसायचं आणि उत्तर काहीच नाही, कारण परतीचा रस्ता पहिल्या कार्डाकडे आणि आरपी फिल्टर (पॅकेट आलं त्याच कार्डातून परतीचा रस्ता आहे का, ही लिनक्सची तपासणी) 1 वर, म्हणजे कडक, मग लिनक्स ते पॅकेट गुपचूप टाकून देतं.

दुसऱ्या कार्डाच्या आयपीसाठी आयपी रूल (कुठल्या पत्त्याच्या पॅकेटला कुठलं टेबल, हे सांगणारा नियम) लावून वेगळं रूटिंग टेबल (रस्त्यांची यादी) करा, त्यात त्याचाच गेटवे. नुसतं आरपी फिल्टर 2 (सैल) करून थांबू नका, उत्तर चुकीच्या लाईनीतून जाईल आणि प्रोव्हायडर ते पुढे सोडेलच असं नाही.