मदत हवी आहे: पॉलिसी २०२७ पर्यंत आहे, तरी क्लेम का बसत नाही?

घाटवाट: मागचा बंपर आणि डिकी चेपली आहे. गॅरेजवाला म्हणतो क्लेम बसणार नाही, खिशातून भरा. पॉलिसीवर ऑक्टोबर २०२७ स्पष्ट छापलंय! कंपनीचा फोन लागत नाही. लवकर सांगा, गाडी उद्या हवी आहे.

मधुमालती: गाडी कधीची? फुल विमा आहे की नुसता थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता?

घाटवाट: ऑक्टोबर २०२४, नवी कोरी. शोरूमनेच तीन वर्षांचा विमा करून दिला.

पानापक्कड: घोळ इथेच आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी तीन वर्षांचा सक्तीचा आहे. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीत तारखांच्या दोन ओळी असतील, बघा.

घाटवाट: आहेत. ओन डॅमेज गेल्याच महिन्यात संपलंय. पैसे घेताना हे सांगायला नको?

रस्ताराजा: झीरो डेप घ्या, त्यात भाग जुने झाले म्हणून पैसे कापत नाहीत! बंपर प्लास्टिकचा, साध्या पॉलिसीत त्याचे निम्मेच पैसे मिळतात. मी दरवर्षी घेतो.

पानापक्कड: अहो, मूळ कव्हरच संपलंय. झीरो डेप लावणार कशावर?



मधुमालती: घाटवाट, ठोकलं कुणी?

घाटवाट: टेम्पोने, मागून. मी सिग्नलला उभा होतो. नंबर आहे.

मधुमालती: मग हे आधी सांगायचं ना! टेम्पोच्या विम्यासाठी तुम्ही थर्ड पार्टी. पोलिसांत नोंद करा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते.

पानापक्कड: बंपरसाठी वकील आणि तारखा? टेम्पोमालकाकडून दुरुस्तीचे पैसे घ्या आणि मोकळे व्हा.

मधुमालती: तो नाही म्हणाला तर? फोटो आणि पोलिसांची नोंद हातात असल्याशिवाय गाडी खोलू देऊ नका.

पानापक्कड: ते बरोबर. आणि ओन डॅमेज आता वेगळं घेता येतं, दुसऱ्या कंपनीकडूनही. आधी गाडीची तपासणी होईल, आताचा पोचा त्यात धरणार नाहीत. आधी क्लेम घेतला नसेल तर २० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे ओन डॅमेजच्या हप्त्यात सूट मिळते, पण मुदत संपल्यापासून ९० दिवसांच्या आत करा. कर्ज आहे का गाडीवर? बँकेलाही फुल विमा लागतो.

घाटवाट: कर्ज आहे. गॅरेजला थांबवलंय, चौकीत निघालो.

रस्ताराजा: पीयूसी बघून जा.