मदत हवी आहे : थंडी-उन्हात रानउंदीर शरीराचे तापमान कसे सांभाळतात?

उंदराच्या शरीराचे तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. मात्र देह लहान असल्यामुळे वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ फार मोठे पडते आणि उष्णता झपाट्याने निसटते. थंडीत तो तपकिरी मेद (ऊब देणारी खास प्रकारची चरबी) जाळून, म्हणजे न कुडकुडताही, उष्णता निर्माण करतो, घरट्यात इतरांना बिलगून बसतो आणि काही जाती तर अन्न तुटपुंजे असताना काही तास शरीर चक्क थंड पडू देतात, इथपर्यंत माझे वाचन झाले आहे.

अडचण शेपटीपाशी येते. केस विरळ असलेली ही शेपूट उकाड्यात रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता बाहेर टाकते, आणि थंडीत वाढवलेल्या उंदरांची शेपूट आखूड राहते असे प्रयोगांत दिसले आहे. मग थंड प्रदेशातील रानउंदरांमध्ये आढळणारा आखूडपणा आनुवंशिक किती आणि वाढीच्या काळातील तापमानामुळे आलेला किती, हे कसे वेगळे करतात? शिवाय वाळवंटी जाती दिवसा बिळात राहून उन्हाचा प्रश्न बऱ्याच अंशी टाळतात. तेव्हा त्यांच्या बाबतीत शेपटीला तितकेच महत्त्व द्यावे का? जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.