गेमिंग लॅपटॉप: कार्डाचं नाव बघायचं की वॅट?

गोदाकाठ
धाकट्या भावाला यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. अभ्यासाला आणि गेमला मिळून एकच लॅपटॉप घ्यायचा आहे, बजेट ८० हजार. दोन शनिवार नाशिकच्या एम. जी. रोड आणि कॉलेज रोडवरची दुकानं पालथी घातली. जिथे जावं तिथे एकच उत्तर: "आरटीएक्स आहे, सगळे गेम चालतील."

हे मला मुळीच पटत नाही. आरटीएक्स हे एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांचं (गेमचं चित्र काढणाऱ्या भागाचं) नाव; ३०५० पण आरटीएक्स आणि ४०६० पण आरटीएक्सच. ३०५० च्या बऱ्याच मॉडेलांत व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) ४ जीबी असते, ४०५० ला ६ आणि ४०६० ला ८. त्यातही खरी गोम वॅटमध्ये आहे. लॅपटॉपमधल्या ४०६० ला ३५ पासून ११५ वॅटपर्यंत किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. स्टिकर मात्र तोच. पातळ, दिसायला देखण्या लॅपटॉपमधली उपाशी ४०६० ही पोटभर वीज मिळणाऱ्या ४०५० च्याही मागे पडू शकते. टीजीपी (कार्डाला मिळणारे कमाल वॅट) किती, असं विचारलं तर एकाही दुकानात उत्तर मिळालं नाही.

माझं मत: ४ जीबीचं कार्ड आता घेऊ नये, आणि वॅटचा आकडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. विरोधी मतं जरूर लिहा.

सिडकोकर
असहमत. मी तीन वर्षं ४ जीबीवरच खेळतोय. व्हॅलोरंट, जीटीए ५, काही अडत नाही. कॉलेजातली निम्मी पोरं हेच खेळतात. व्हॅलोरंटला तर कार्डापेक्षा प्रोसेसर आणि रॅमच जास्त लागते. माझ्या लॅपटॉपला ८ जीबीची एकच पट्टी होती. दुसरी बसवली आणि गेम अडखळायचा थांबला. ६० हजारांत लॅपटॉप घ्या, रॅम १६ करा, उरलेले पैसे घरात राहू द्या. चार आकड्यांच्या नादात २० हजार जास्त का घालवायचे?

गोदाकाठ
रॅमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण तुम्ही सांगितलेले दोन्ही गेम जुने आहेत, आणि हा लॅपटॉप चार वर्षं पुरायला हवा. २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'ला किमान म्हणूनच ८ जीबीचं, रे ट्रेसिंगवालं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं) कार्ड लागतं. व्हीरॅम भरली की माल साध्या रॅममध्ये जातो आणि चित्र झटके खायला लागतं. रॅमची पट्टी मागून घालता येते, लॅपटॉपची व्हीरॅम नाही.

सातपूरचे काका
अरे पोरांनो, गेमसाठी लॅपटॉप घेताच कशाला? ४०७० चंच बघा. डेस्कटॉपवर ५८८८ कोअर (कार्डातले गणितं करणारे भाग) आणि १२ जीबी, लॅपटॉपवर त्याच नावाखाली ४६०८ कोअर आणि ८ जीबी. नाव एक, चीज वेगळी. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा त्या चपट्या डब्यातून वाफा निघतात आणि तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. अभ्यासाला साधा लॅपटॉप घ्या, घरी डेस्कटॉप जोडा. चार वर्षांनी फक्त कार्ड बदलायचं. लाईट जाते म्हणून यूपीएस मात्र घ्या.

इंदिरानगरची मी, सध्या पुण्यात
काका, हिशोब तुमचा बरोबर, पण हॉस्टेलच्या खोलीत तीन कॉट आणि एक टेबल असतं. डेस्कटॉप ठेवू कुठे? त्यातून ८० हजारांत दोन यंत्रं बसवायची तर दोन्ही कमअस्सल येतात.

गोदाकाठ, वॅट दुकानातच कळतात. डिस्प्लेला ठेवलेला लॅपटॉप उघडायला लावा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये सिस्टम इन्फर्मेशन उघडा, तिथे कमाल ग्राफिक्स पॉवरचा आकडा असतो. मक्स स्विच (कार्ड थेट पडद्याला जोडणारा) आहे का तेही विचारा. तो नसेल तर कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समार्फत पडद्यावर येते आणि थोडे एफपीएस (दर सेकंदाच्या फ्रेम) त्यातच जातात. आणि स्क्रीनकडे दुर्लक्ष करू नका. नुसतं १४४ हर्ट्झ (पडद्यावरचं चित्र सेकंदाला १४४ वेळा बदलतं) बघून मी घेतला, रंग इतके फिके निघाले की अंधाऱ्या सीनमध्ये शत्रू दिसतच नाही. वजन चार्जरसकट हातात धरून बघा, कारण बॅटरीवर कार्डाला पुरेशी वीज मिळत नाही आणि चार्जर कायम सोबत न्यावा लागतो.

गोदाकाठ
ताई, मनापासून आभार. आज संध्याकाळी भावाला घेऊनच गेलो आणि दोन लॅपटॉप उघडायला लावले. दोन्हींवर ४०५०. एकात ६० वॅट, दुसऱ्यात ९५. किमतीत फरक फक्त दोन हजारांचा! दुकानदारसुद्धा वाकून बघत होता. काका, भाऊ हॉस्टेलवर राहणार आहे, त्यामुळे डेस्कटॉपचा विचार सोडला. ९५ वॅटवाल्याला रॅमची एक जागा रिकामी आहे, तिथे सिडकोकरांची पट्टी बसेल.

सिडकोकर
पट्टी नक्की बसवा, आणि त्याच वेगाची घ्या. बाकी ४ जीबीबद्दल माझं मत तेच आहे. ज्याचं बजेट ६० च्या वर जातच नाही, त्याला "घेऊच नको" म्हणणं मला अजूनही मान्य नाही.